धागा: आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आलीय, रसाच्या कोया कुठे टाकता? (कुत्री-मांजरं पाळणाऱ्यांसाठी)

गिरणाकाठचा (जळगाव):

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. चेरी, पीच, जर्दाळू यांच्या बियांमध्ये सायनाइड असतं, कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा, असा. खाली लाल दिव्यांची रांग. माहिती खोटी नाही. पण मला सांगा, जळगावात पीच किती घरांत येतो? चेरी आली तर केकवर येते, तीही बी काढलेली.

आपल्याकडे येतो तो आंबा. पाटीने येतो. आखाजीला लेकीबाळी माहेरी आल्या की एका घरात एका दुपारी जेवढा रस निघतो, तेवढ्या कोया संध्याकाळपर्यंत दारामागे, उकिरड्यावर नाहीतर घंटागाडीच्या वाटेवर पिशवीत पडलेल्या असतात. गोड, ओल्या, रसाने माखलेल्या. कुत्रा त्या सोडेल का? त्या फॉरवर्डमध्ये कोयीबद्दल अवाक्षर नाही, म्हणून हा धागा.

मला समजलंय ते एवढं: कोय कुत्र्याला पचत नाही. ओली कोय निसरडी असते, चघळता चघळता सरळ घशात जाते. पुढे जठरात पडून राहते नाहीतर आतड्यात जाऊन अडकते. अडकली की ऑपरेशनशिवाय सुटका नाही. आमच्याकडे लॅब्रेडॉर, म्हणजे लॅब, आहे. हे ध्यान कोय पाहिली की चावतच नाही, गिळतं. इथे कोणी डॉक्टर असतील किंवा ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी लिहावं. आखाजीच्या आधी कळलं तर उपयोग, नंतर नाही.

कपाशीवाले नाना (एरंडोल):

भाऊ, हे शहरातले चोचले आहेत. आमच्या मळ्यात आंब्याची झाडं वडिलांच्या वेळची. खाली पाड पडतो, कुत्री तिथेच लोळतात, कोया चघळतात. कधी कुत्रं मेलेलं पाहिलं नाही. तुमचे ते विकतचे, वंशावळीचे कुत्रे नाजूक. त्यांना उन्हाळ्यात कूलर लागतो, मग कोय कशी झेपेल?

खापरावरची (अमळनेर):

नाना, मळ्यातलं कुत्रं चार दिवस दिसलं नाही तर आपण म्हणतो, गेलं असेल कुठेतरी. त्याचं पोट उघडून कोण बघतं?

अहिराणी_माणूस (साक्री):

खरं शे ताई. आमना गावमा कुत्रं आजारी पडनं तर त्याले दवाखानामा कोन ली जास? कोनी नई.

ढोरांचा डॉक्टर (यावल-रावेर पट्टा):

माझं बहुतेक काम गाई-म्हशींचं, पण या भागात लहान जनावरांचा वेगळा डॉक्टर जवळ नसतो, त्यामुळे कुत्रीही माझ्याच टेबलावर येतात. जरा सविस्तर लिहितो.

आधी नानांचं. त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. गावठी कुत्रं बहुधा कोय पुढच्या पायात धरून कुरतडत बसतं, धागे ओढतं आणि सोडून देतं. त्याने गिळलीच नाही तर काही होत नाही. आणि मोठ्या कुत्र्याने लहान कोय गिळली तर कधीकधी ती उलटीवाटे पडते किंवा शीवाटे निघूनही जाते. म्हणून "आमच्या कुत्र्याला काही झालं नाही" हे सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. पण त्यावरून पुढच्या कुत्र्याला कोय द्यायची, हे काही पटत नाही.

आता आत काय होतं ते. मध्यम आकाराच्या कुत्र्याचं लहान आतडं साधारण आपल्या बोटाच्या जाडीचं. रायवळ आंब्याची कोय डोळ्यांपुढे आणा आणि तुम्हीच ठरवा. जठर पिशवीसारखं ताणतं, त्यामुळे कोय तिथे मावते. जठराच्या खालच्या तोंडातून पुढे जात नाही तोपर्यंत ती आत पडून राहते, कधी काही दिवस, कधी कित्येक आठवडे. कुत्रं अधूनमधून ओकतं, एखादा दिवस जेवत नाही, परत बरं होतं. घरच्यांना वाटतं उन्हामुळे असेल. मग एक दिवस कोय आतड्यात सरकते आणि खरा घोळ सुरू होतो.

आतडं तिला पुढे ढकलायला जोर लावतं. कोय हलत नाही. तिच्या मागे पाणी आणि वायू साचतात, आतडं फुगतं. जिथे कोय दाबून बसली तिथला रक्तपुरवठा तुटतो, तेवढा भाग काळा पडतो, कुजतो आणि फुटतो. फुटला की आतली घाण पोटाच्या पोकळीत. तिथून पुढे जनावर वाचवणं फार अवघड. वेळेत आलं तर आतड्याला चीर देऊन कोय काढायची आणि टाके घालायचे. उशिरा आलं तर मेलेलं आतडं कापून दोन टोकं जोडायची. पहिलं ऑपरेशन आणि दुसरं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक बहुतेक वेळा मालकाने किती वाट पाहिली यावर ठरतो.

लक्षणं: वारंवार उलटी, पाणी प्यायलं तरी उलटी, जेवण बंद, पोटाला हात लावू न देणं, शीसाठी जोर करणं. काही कुत्री पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून उभी राहतात. आळस देताना देतात तसंच, पण पुन्हापुन्हा आणि बराच वेळ. एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, थोडी पातळ शी होतेय म्हणजे वाट मोकळी आहे असं नाही. अर्धवट अडकलेल्या कोयीच्या कडेने पातळ शी येऊ शकते. "हगलं ना साहेब, मग काय झालं?" हे वाक्य मी फार ऐकलंय.

घशाखाली, छातीतल्या अन्ननलिकेतही वस्तू अडकते. तेव्हा लाळ गळते, कुत्रं सारखं गिळल्यासारखं करतं, खाल्लेलं लगेच बाहेर येतं. ते तर तासाभराचंही थांबण्यासारखं नाही.

गिरणाकाठचा:

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. सायनाइडचं काय मग? कोयीत पण असतं म्हणतात.

ढोरांचा डॉक्टर:

कोयीत भीती अडकण्याची. सायनाइडची गोष्ट मुख्यतः पीच, जर्दाळू, आलूबुखारा, चेरी या एका खानदानाची. कडू बदामही त्यातलाच. त्यांच्या बीच्या आतल्या गरात अमिग्डालिन नावाचा पदार्थ असतो. बी अख्खी गिळली तर तो बंदच राहतो. बी चावून फुटली की त्यातून सायनाइड सुटतं.

शेतकऱ्याला हे समजवायला मला पीच लागत नाही. कोवळी ज्वारी ढोराला लागते, ती काय भानगड असते? पाऊस ओढला, ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली, त्यात बैल शिरला आणि थोड्या वेळात आडवा झाला. तेच सायनाइड. ज्वारीतल्या पदार्थाचं नाव धुरिन, बाकी कारभार तोच. रक्तात प्राणवायू असतो पण शरीराच्या पेशींना तो वापरता येत नाही, म्हणजे ताट पुढ्यात वाढलेलं आणि तोंड शिवलेलं. म्हणूनच अशा जनावराच्या हिरड्या सुरुवातीला फिक्या न दिसता भडक लाल दिसतात. धाप लागते, बाहुल्या मोठ्या होतात, झटके येतात. त्यावर सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन शिरेतून देतात. ढोरांच्या डॉक्टरकडे ते असायची शक्यता जास्त, हे जाता जाता सांगून ठेवतो.

सफरचंदाच्या बियांतही अमिग्डालिन असतं. पण कुत्र्याने एखादं सफरचंद बियांसकट खाल्लं म्हणून धावत येऊ नका. मात्रा फार कमी असते. बिया काढून फोडी दिल्या तर सफरचंद चांगलंच आहे. कुत्र्याने जर्दाळूच्या बिया फोडून मूठभर गर खाल्ला तर मात्र लगेच निघा. लहान कुत्र्याला थोडंही पुरतं.

माऊची आई (धुळे):

डॉक्टर, मांजरांचं काय? आमची माऊ आंब्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण बोराच्या बिया आणि चिंचोके पंजाने मारत घरभर खेळते. परवा सोफ्याखालून ढीगभर निघाले.

ढोरांचा डॉक्टर:

ताई, मांजराला गोड चवच कळत नाही. गोड ओळखणाऱ्या जोडीतला एक जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेला आहे, हे २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यामुळे फळाच्या लोभाने मांजर बी खात नाही. खेळता खेळता गिळते. बोराची बी लहान दिसते, पण मांजराचं आतडंही तेवढंच बारीक, आणि बोराच्या बीला दोन्हीकडे टोक असतं. चिंचोका गुळगुळीत असतो, बहुतेकदा निघून जातो, तरी खेळायला देऊ नका. त्याऐवजी कागदाचा बोळा द्या, तोही मोठा.

मांजरात माझ्याकडे बीपेक्षा दोरा जास्त येतो. शिलाईचा दोरा, मांजा, साडीची झालर. जिभेखाली दोरा अडकलेला दिसला किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. आत आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडून गोळा झालेलं असतं, ओढला की चिरतं.

आणखी एक. कुत्रं ओकून, कण्हून सांगतं. मांजर पलंगाखाली जाऊन बसतं आणि गप्प राहतं. दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर, विशेषतः जाड मांजराच्या, लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते. बी राहिली बाजूला, दुसराच आजार उभा. म्हणून मांजराने एक दिवस अजिबात खाल्लं नाही तर फोन करा.

माऊची आई:

बापरे. चिंचोके आत्ताच डब्यात भरले. सारीपाटाला लागतात म्हणून फेकले नाहीत.

सातपुड्याची सावली (धडगाव):

आमच्याकडे प्रश्न आणखी मोठा आहे. इथे आमचूरचा हंगाम असतो. घराघरात कैऱ्या सोलून, चकत्या करून उन्हात वाळत घालतात आणि कोयांचे अंगणात ढीग लागतात. कोवळ्या कैरीची कोय मऊ असते, ती कुत्री-शेळ्या खातात. पण पाडाला आलेल्या कैरीची कोय टणक होते आणि कापताना विळ्याने तिचे टोकदार तुकडे पडतात. असा तुकडा गिळला तर अख्ख्या कोयीपेक्षा बरा की वाईट?

आणि पावसाळा संपला की सीताफळं. त्यांच्या बिया कुत्री फळासकट गिळतात.

ढोरांचा डॉक्टर:

तुकडा लहान असेल तर पुढे जाण्याची शक्यता जास्त, पण धार असेल तर वाटेत इजा करतो. लोणच्याच्या फोडीचंही तेच, तिला कोयीचं कडक कवच असतं. वर मीठ, तेल आणि मोहरी. लोणच्याची बरणी फुटली आणि कुत्र्याने फरशी चाटून साफ केली तर पाणी भरपूर ठेवा आणि उलट्या किंवा झटके दिसले तर आणा.

सीताफळाची बी अख्खी गेली तर बहुतेकदा तशीच बाहेर पडते, कवच फार कडक असतं. वाटलेली बी मात्र विषारी. उवांसाठी तिची पूड डोक्याला लावतात, ती डोळ्यात गेली की माणसाच्या बुबुळालाही जखम होते. हीच पूड कुत्र्याच्या गोचिडांसाठी अंगाला चोळणारे लोक मी पाहिलेत. कुत्रं स्वतःला चाटतं हे ते विसरतात. असं करू नका.

कपाशीवाले नाना:

गोचिडांसाठी आम्ही पण लावायचो. बरं, सोडा. पण एवढं करून कुत्र्याने खायचं तरी काय?

खापरावरची:

नाना, भाकरी खायची!

यार्डाजवळची (भुसावळ): *(आखाजी, संध्याकाळी ७:४०)*

कोणी जागेवर आहे का? आमच्या ब्रुनोने, लॅब आहे, दुपारी कोय गिळली असं वाटतंय. रसाला आंबे मोजून काढले होते, कोया मोजल्या तर एक कमी भरतेय. पोरं म्हणतात बादलीचं झाकण त्यानेच पाडलं. पाच वाजल्यापासून दोनदा उलटी झाली. त्यात आंब्याचे धागे होते, कोय नाही. काय करू?

पाटील_रावेरकर:

ताई, मिठाचं पाणी पाजा, भडाभडा ओकून टाकेल.

नाव_नको (पाचोरा):

एरंडेल द्या दोन चमचे. खालून निघेल. आमच्याकडे केळी पण खाऊ घालतात, कोयीला गुंडाळून बाहेर येते.

ढोरांचा डॉक्टर:

यापैकी काहीही करू नका. यार्डाजवळच्या ताई, तुम्हाला उद्देशून आधी: तोंडाने काहीही देऊ नका, जेवण नाही, दूध नाही, तेल नाही, गोळी नाही. आत्ता निघा. एक्स-रे आणि सोनोग्राफी दोन्ही असलेला दवाखाना गाठा. भुसावळात उघडा नसेल तर जळगाव. निघायच्या आधी फोन करा, सणाचा दिवस आहे. राखलेली एखादी कोय सोबत न्या, डॉक्टरांना आकार कळतो.

बाकीच्यांसाठी कारणं. मिठाच्या पाण्याने रक्तातलं मीठ वाढून कुत्र्याला झटके येतात, ते त्यातच जाऊ शकतं. कोय ओकताना घशात आडवी बसली तर श्वासाचा प्रश्न. उलटी करवायची की नाही हे वस्तूचा आकार पाहून डॉक्टर ठरवतो, त्याचं इंजेक्शन वेगळं असतं. एरंडेलाने आतडं आणखी जोरात ढकलतं, आणि पुढे वाट बंद असेल तर ते फाटायची भीती. केळ्याने कोय गुंडाळली जात नाही. आम्ही केळीच्या पट्ट्यातले, केळीवर आमचं प्रेम आहे, पण हे तिला जमत नाही.

आणि दुखतंय म्हणून क्रोसिन किंवा ब्रुफेन देणारे असतात. क्रोसिन म्हणजे पॅरासिटॅमॉल, त्याची एक गोळी मांजराचा जीव घेते. कुत्र्याला ब्रुफेनने जठरात जखमा होतात, किडनी जाते. माणसांच्या गोळ्यांचा डबा बंदच राहू द्या.

यार्डाजवळची: *(८:१५)*

जवळच्या एका दवाखान्यात फोन उचलला. म्हणाले सकाळपर्यंत वाट बघा, शीवाटे पडेल. मिस्टर म्हणतायत थांबू. आता तिसरी उलटी झाली, नुसतं पिवळं पाणी.

ढोरांचा डॉक्टर:

थांबू नका. मोठं कुत्रं कोय गिळून मजेत बसलं असतं तर मीही म्हटलं असतं, लक्ष ठेवा. हा ओकतोय. ४४-४५ अंशांच्या दिवसात ओकणारं कुत्रं पाण्याविना लवकर खचतं. त्याची हिरडी बोटाने दाबून सोडा. दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. हिरड्या चिकट, कोरड्या लागत असतील तर सलाईन लागणारच, मग ते आज रात्रीच लागू दे.

गिरणाकाठचा:

ताई, आमचे डॉक्टर रात्री बघतात, आत्ताच बोललो, थांबतो म्हणालेत. नंबर आणि पत्ता खाजगी निरोपात पाठवलाय. मी दवाखान्यापाशी येऊन थांबतो, गाडीतून उतरवायला माणूस लागेल. लॅब म्हणजे पोतं असतं.

यार्डाजवळची: *(८:३०)*

निघालो.

खापरावरची:

सगळे गप्प का? काय झालं ते कळवा.

गिरणाकाठचा: *(रात्री ११:२०)*

पोचले. एक्स-रेमध्ये कोय स्पष्ट दिसली नाही, जठरात हवेच्या बारीक ठिपक्यांचा एक लांबट आकार दिसतो, एवढंच. डॉक्टर म्हणाले कोय हाडासारखी पांढरी उठून दिसत नाही, नवख्या डोळ्याला चुकते. सोनोग्राफीत तिची कड आणि मागची काळी सावली दिसली. अजून जठरात आहे, पुढच्या तोंडाशी. उलटी करवायची नाही असं ठरलं, कोय मोठी आहे. रात्रभर सलाईन, सकाळी ऑपरेशन. पुण्या-मुंबईत काही ठिकाणी दुर्बीण घालून काढतात, पण एवढी मोठी, निसरडी कोय चिमट्यात धरणं तिथेही सोपं नाही म्हणाले. आणि तिकडे न्यायला वेळ कोणाकडे आहे?

ढोरांचा डॉक्टर:

जठरात असताना सापडली हे चांगलं झालं. जठराची चीर आतड्याच्या मानाने लवकर आणि भरवशाने भरून येते. आतड्याच्या टाक्यांना पहिले तीन ते पाच दिवस फार जपावं लागतं, गळती झाली तर तेव्हाच होते.

अहिराणी_माणूस:

देव करो नि बरं व्हवो.

यार्डाजवळची: *(दुसऱ्या दिवशी दुपारी)*

निघाली! माझ्या पंजाएवढी, रायवळची, एका टोकाला दातांच्या खुणा, धागे तसेच्या तसे. डॉक्टरांनी बाटलीत घालून हातात दिली. ब्रुनो शुद्धीवर आलाय, शेपूट हलवतोय. उद्यापर्यंत तिथेच ठेवणार. मग थोडं थोडं मऊ खाणं, गळ्यात तो प्लास्टिकचा भोंगा, टाके दहा-बारा दिवसांनी. सगळ्यांचे, विशेषतः दोघांचे, आभार कसे मानू?

मिस्टर आता सगळ्यांना सांगत सुटलेत की रात्रीच न्यायचं त्यांनीच ठरवलं.

खापरावरची:

😂 हे तर होणारच.

प्रश्नचिन्ह (चोपडा):

लॅबच का नेहमी? आमच्या शेजारच्या लॅबने मोजा गिळला होता.

ढोरांचा डॉक्टर:

हावरटपणा काही अंशी रक्तातच आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. अशा कुत्र्यांना अन्नाचा सोस जास्त असतो. त्यामुळे लॅबवाल्यांनी "शिकवलंय त्याला, तो खात नाही" यावर विसंबू नये, झाकण घट्ट लावावं. आणि पावसाळ्यात दाणे खाल्लेली मक्याची कणसं. ती कोयीइतकीच अडकतात, आणि आपल्याकडे मका काही कमी नाही.

चटणी_भरीत (जामनेर):

मग भरीत पार्टीचं काय? हिवाळ्यात आमचं कुत्रं भरीत-भाकरी खातं.

ढोरांचा डॉक्टर:

भरितातला कांदा-लसूण, पात सगळंच कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. मांजराला तर फारच लवकर बाधतं. कोरडी भाकरी द्या. द्राक्षं, मनुके तर कुत्र्याला एकही नको, किडनी बंद पडते. त्यातलं टार्टारिक आम्ल कारण असावं असं अलीकडे मानलं जातं आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. चिंच खाऊन कुत्र्यांच्या किडन्या बिघडल्याची प्रकरणंही नोंदली गेलीत. म्हणून माऊच्या आईंना चिंचोक्यांचं सांगितलं ते मांजरापुरतं. घरात कुत्रं असेल तर चिंचेचा गोळाही वर ठेवा.

व्यवस्थापक:

मंडळी, भरीत आणि द्राक्षांसाठी वेगळा धागा काढा. इथे बिया आणि कोया एवढंच.

कपाशीवाले नाना:

मी वाचतोय सगळं. मला अजूनही वाटतं की गावठी कुत्रं शहाणं असतं. पण उकिरड्यावर गल्लीतली पिल्लं येतात, त्यांना काय कळतंय. या वेळी कोया खड्ड्यात पुरल्या. वर काटे टाकले, नाहीतर उकरून काढतात.

सातपुड्याची सावली:

खड्डा खोल घ्या नाना, दोन हात तरी. आम्ही आमचूरच्या कोया आता गोणीत भरून तोंड बांधतो आणि माळ्यावर टाकतो. वाळल्या की चुलीला.

गिरणाकाठचा:

शहरवाल्यांसाठी: घंटागाडी सकाळी येते, कोया मात्र आदल्या दुपारच्या असतात. रात्रभर पिशवी फाटकाबाहेर ठेवायची नाही. गल्लीतल्या कुत्र्यांना पिशवी फाडायला किती वेळ लागतो? आमच्याकडे झाकण दाबून बसणारी बादली गच्चीवर नेली. रस काढणाऱ्या बायकांना आधीच सांगितलं की कोया मोजून बादलीत. मोजण्याचं यार्डाजवळच्या ताईंकडून शिकलो. मुलांनाही सांगा, आंबा चोखून झाला की कोय कुत्र्याकडे फेकायची नाही. पाहुण्यांनाही सांगावं लागतं. कुत्र्याचे लाड करायचे म्हणून सगळ्यात आधी तेच फेकतात.

माऊची आई:

कोया धुऊन नर्सरीवाल्याला देता येतात ना? आमच्याकडे एक जण विचारत होता.

सातपुड्याची सावली:

हो, रायवळच्या कोया कलमांच्या खुंटासाठी लागतात. पण ताज्या हव्यात. धुऊन सावलीत सुकवा, उन्हात नको, आणि तीन-चार आठवड्यांच्या आत पेरल्या गेल्या पाहिजेत. जुनी कोय उगवत नाही. भरपूर असतील तर धुळ्याच्या ताईंनी नर्सरीवाल्याला घरीच बोलवावं.

माऊची आई:

दोन पाट्या आहेत. सुकवताना गच्चीचं दार लावून घेते, शेजारचा पामेरियन जिना चढून येतो.

यार्डाजवळची:

आमची एक कोय बाटलीत आहे, ती उगवेल का? 😅

ढोरांचा डॉक्टर:

जठरातल्या आम्लात रात्रभर मुरलीय, तरी कवचाच्या आत बी शाबूत असेल तर उगवूही शकते. पेरून बघा, पण कुंडीला जाळी लावा. ब्रुनो परत काढील.